मी हो म्हटलं ते पेटीला

माझी पहिली सोयरीक जुळली ती एका प्लास्टिकच्या पेटीशी. नवरामुलगा त्या पेटीवर मोफत होता. मला त्याची तशी अडचण नव्हती. फक्त तो मांडी घालून बसला की टीव्हीसमोरची अर्धी चटई जायची, आणि खेळताना तो जीभ बाहेर काढायचा. एवढं सोडलं तर माणूस म्हणून तो तिथे होता की नव्हता हे माझ्या ध्यानातही आलं नाही. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, नानी, तू थापा मारतेस. मारते ना. पण ही थाप नाही.

तेव्हाची मी कशी होते ते आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला माझी दया यायला नको. दहावीला गणितात आपटून घरी बसलेली, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, नाकाच्या शेंड्यावर कायम मुक्कामाला आलेली एक पुटकुळी, आणि डोक्यात ठाम समजूत की आपण पेणमधली सगळ्यात हुशार मुलगी. हुशारीचा पुरावा कुणी मागितला नव्हता म्हणून ती समजूत टिकली. धाकटी बहीण नसीम गोरी आणि गप्प, म्हणून गुणी. मी सावळी आणि बोलघेवडी, म्हणून ‘काय करायचं गो या जैबूचं’ हे वाक्य आमच्या घरात पोळपाट-लाटण्याच्या आवाजाबरोबर दिवसभर चालू असायचं. पोळपाट खरोखरच दिवसभर चालायचा. अम्मी आणि दादी बाजारातल्या एका व्यापाऱ्यासाठी पोह्याचे पापड लाटायच्या. पुढच्या पडवीत पापडखाराचा वास, मागच्या खोलीत अब्बांच्या दुकानातून आलेल्या चपलांच्या रबराचा वास, आणि मधल्या खोलीत या दोन्ही वासांत मुरलेल्या आम्ही बहिणी. माझं काम पापड चटईवर पसरणं आणि कोंबड्या हाकलणं. कोंबड्यांना माझ्यापेक्षा जास्त कळायचं. मी कधी तंद्रीत जाते हे त्यांना पाठ होतं.

आमच्या घरात बिनकामाची वस्तू म्हणून नव्हती. चपलांच्या रिकाम्या खोक्यांत अंडी राहत, औषधं राहत, ईदच्या बांगड्या राहत. अब्बांची लुंगी फाटली की पापडाचं फडकं होई, फडकं फाटलं की पोछा. मुलींचे खेळसुद्धा कामाचेच. भातुकली म्हणजे स्वयंपाकाची तालीम, बाहुली म्हणजे बाळंतपणाची. रंगीत टीव्ही होता, अम्मीच्या भावाने कुवेतहून आणलेला, पण त्यावरही दादी बातम्या बघायची त्या तांदळाचा भाव कळावा म्हणून. आखातातून येणारी प्रत्येक वस्तू अशीच कामाची होती. जाड ब्लँकेट, इस्त्री, डोकेदुखीचा बाम, सरबताची पावडर, बॅटरी. त्या घरात एक दिवस अशी वस्तू आली की जिचा कशालाच काही उपयोग नव्हता, आणि मी पार वेडी झाले.

ती घेऊन आला अश्फाक. अब्बांची थोरली बहीण रोह्याला दिलेली. आमची फुफी. तिचा हा मुलगा. दुबईत कुठल्याशा गोदामात होता आणि सुट्टीवर आला होता. फुफी त्याला घेऊन पेणला आली, तेव्हा त्याच्या काखेत एक खोका होता आणि खोक्यात करड्या रंगाची पेटी. पेटीला वर कॅसेट घालायची खाच. कॅसेट म्हटल्यावर दादीने जाहीर करून टाकलं की व्हीसीआर आला. अर्ध्या तासात मोहल्ला आमच्या मधल्या खोलीत. बायका पोरं कडेवर घेऊन, कुणी शेंगा बांधून आणलेल्या. शेजारच्या पाटील काकू तर पापडाचं पीठ भिजवायचं सोडून आल्या आणि पुढेच बसल्या.

अश्फाकने वायरी जोडल्या, कॅसेट घातली. पडद्यावर एक ठेंगणा शिपाई भाला घेऊन उभा राहिला आणि चिपळ्या-शिट्टीसारखं एक संगीत वाजायला लागलं. शिपाई काही केल्या पुढे जाईना.

“पिच्चर कंदी सुरू व्हनार?” मागून कुणीतरी विचारलं.

“पिच्चर नाय यात,” अश्फाक म्हणाला.

“मंग गानी?”

“गाणीबी नाय.”

“लग्नाची कॅसेट तरी लागंल का?” पाटील काकूंनी विचारलं. त्यांच्या भावाच्या लग्नाची कॅसेट त्यांनी पदराखाली आणली होती.

“नाय काकू.”

“बातम्या?” ही दादी.

“नाय नानी.”

“मंग करतंय काय हे?”

“खेळतंय,” अश्फाक म्हणाला. “नुस्तं खेळतंय. दुसरं काय पन करत नाय.”

जणू पोरगा परदेशातून लंगडी घोडी घेऊन आलाय, अशा नजरेने सगळ्यांनी पेटीकडे बघितलं. बायका उठल्या. शेंगा परत बांधल्या गेल्या. फुफीचा चेहरा उतरला, कारण रोह्याहून येताना एस.टी.त तिनेही सगळ्यांना व्हीसीआरच सांगितला होता. दादी म्हणाली, “येवडं दुबईला गेला आनि भवरा घेऊन आला.” मी मात्र तिथेच बसून राहिले. ‘दुसरं काय पन करत नाय’ हे शब्द माझ्या कानांत अत्तरासारखे उतरले होते.

या ठिकाणी थोडं आजचं सांगते. माझ्या नातवाकडे हल्ली असलीच पेटी आहे, भलीमोठी, काळी, अंधारात निळी चकाकणारी. तिच्यावर सिनेमे दिसतात, गाणी ऐकू येतात, जगातल्या कुठल्याही पोराशी भांडता येतं. आणि सुरू केली की आधी पासवर्ड मागते, मग म्हणते थांबा, नवीन काहीतरी उतरवून घेत्ये. तेवढ्या वेळात माझा वरणभात होतो. मी नातवाला म्हटलं, अरे, हे खेळणं नाही, हे तहसील कार्यालय आहे. त्या करड्या पेटीत असला कारभार नव्हता. कॅसेट घाला, बटण दाबा, शिपाई हजर. ती तुम्हाला शिकवत नव्हती, सुधारत नव्हती, शहाणं करत नव्हती. तुम्ही मेलात तर तीन जीव द्यायची, आणि तिन्ही वाया घालवलेत तरी तोंड वेंगाडून शेजारणीला सांगायला जायची नाही. परत पहिल्यापासून, तितक्याच आनंदाने. आमच्या मोहल्ल्यात मुलीचं एकदा नाव गेलं की गेलं. मला हे तेव्हा इतक्या शहाण्या शब्दांत कळलं होतं असं म्हणाले असते, पण खोटं होईल. मला तेव्हा फक्त उड्या मारायला आवडत होतं.

तर ती पेटी आमच्याकडे राहिली, आणि त्याला कारण फुफीचा टीव्ही. रोह्याला त्यांच्याकडे जुना काळापांढरा टीव्ही होता, त्यावर शिपाई दिसायचाच नाही, नुसत्या मुंग्या. म्हणून सुट्टीभर अश्फाक दर दोन दिवसांनी पेणला यायचा, जेवायचा, जीभ बाहेर काढून खेळायचा आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जायचा. घरच्यांना वाटलं तो माझ्यासाठी येतो. फुफीही मधूनमधून बोलायची, घरातली मुलगी घरातच राहिली तर काय वाईट, वगैरे. पक्कं काही नाही, नुसती फोडणी. सुट्टी संपली. निरोपाच्या दिवशी सगळे मधल्या खोलीत उभे होते, आणि फुफी अब्बांना म्हणाली, “आमची अमानत हाय रं तुमच्याकडं. नीट सांभाळा.”

अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. मागतील तेव्हा जशीच्या तशी परत करायची. आमच्यात बोलणी झालेल्या मुलीबद्दल सासरची माणसं हा शब्द वापरतात. लग्नापर्यंत पोर माहेरी असते ती सासरची अमानत म्हणून. त्यामुळे फुफी दारातून बाहेर पडते न पडते तोच अम्मीने डोळ्यांना पदर लावला आणि दादीने गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला. हे वाक्य बोलताना फुफीचा हात कुठे होता, यावर आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. अम्मी म्हणायची, जैबूच्या डोक्यावर. दादी म्हणायची, खांद्यावर. मला विचाराल तर मी माझ्या डोक्याकडे बघतच नव्हते. मी बघत होते पेटीकडे, ती तो परत नेतो की काय या धास्तीने.

दोनचार दिवसांनी अम्मी माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी खेळत होते. एका दरीवरून उडी मारायची होती आणि वरून वटवाघळं येत होती.

“जैबू, अब्बा विचारतात.”

“हं.”

“अश्फाक पसंत हाय ना गो तुला?”

वटवाघूळ चुकवलं.

“बोल की गो. व्हय का नाय?”

शिपाई पलीकडे पोचला. “हो!” मी ओरडले. “हो, हो, हो!”

अम्मी म्हणे दोन पावलं मागेच सरकली. एवढ्या उघडपणे आमच्या सात पिढ्यांत कुठल्या मुलीने होकार दिला नव्हता. तिने दादीला सांगितलं, दादीने पाटील काकूंना, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेणला कळलं की चपलावाल्याची थोरली लग्नासाठी उतावीळ झालीय. मला रात्री जेवताना कळलं. नाही म्हणायचं मनात आलंच नाही. उलट मी हिशोब केला. तो नवरा, म्हणजे पेटी माझी. रोह्याला टीव्ही काळापांढरा आहे ही एकच खोट. पण माहेरहून मुलीला काहीतरी देतातच, मग हा रंगीत टीव्ही मागून घ्यायचा. लोक सोन्यासाठी लग्न करतात, जमिनीसाठी करतात, व्हिसासाठी करतात. मी भाला घेतलेल्या ठेंगण्या शिपायासाठी करणार होते. वर तोंड करून नसीमला सांगत होते की माझं प्रेम आहे. नसीम म्हणाली, “कुनावर?” मी मूर्ख, ती गप्प असते म्हणून तिला काही कळत नाही असं समजत होते.

पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं वर्ष. सकाळी पापड पसरायचे, दुपारी बायका लवंडल्या की आवाज बारीक करून बसायचं. पेटीचं ते संगीत घरात इतकं मुरलं की दादी भाकरी थापताना त्याच ठेक्यावर थापायला लागली. कॅसेट धूळ खाऊन अडली की मी ती काढून तिच्या खाचेत फुंकर मारायची आणि परत घालायची. दादीने हे एकदा बघितलं. आमच्यात आजारी मुलावर किंवा पाण्याच्या पेल्यावर कुराणातली आयत पुटपुटून फुंकर मारतात, त्याला दम करणं म्हणतात. दादीला वाटलं पोरगी खेळण्याच्या आधी अल्लाचं नाव घेते. तिचं काळीज भरून आलं. मग ती स्वतःच कॅसेट हातात घेऊन डोळे मिटून पुटपुटायची आणि फुंकायची, आणि सांगते काय, दादीने फुंकलेली कॅसेट पहिल्या झटक्यात लागायची. माझ्या फुंकेत थुंकी जास्त होती, दादीच्या तोंडात दात नसल्याने नुसती हवा. पण दादीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला आणि माझ्या नमाजाबद्दल चौकशी वाढवली.

अम्मी मात्र या खेळावर का चिडत नाही याचं मला नवल वाटायचं. कोंबड्यांनी पापडांची वाट लावली तरी ती एवढंच म्हणायची, “राहू दे, त्याची आठवन येत असंल.” तिच्या डोळ्यांना मी विरहात बुडालेली दिसत होते. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, जेवणात लक्ष नाही, हाक मारली तरी ऐकू येत नाही, मधेच एकटीच हसते. लक्षणं सगळी तीच होती. रोग तेवढा वेगळा.

अश्फाक पुन्हा सुट्टीवर आला. आधी तो आलाच नाही, आला तो फोन. फोन पाटील काकूंकडे होता. काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “अहो भाबी, रोह्याहून नणंदबाईंचा फोन होता. शुक्रवारी अमानत न्यायला येतायत म्हणाल्या. अमानत म्हणजे काय हो?”

“आमची जैबू,” दादी म्हणाली आणि पोळपाट बाजूला सारून उठलीच.

शुक्रवारपर्यंत आमच्या घरात कुणी धड बसलं नाही. अब्बांनी खाडीवरच्या ओळखीच्या कोळ्याला सांगून जिताडं आणवलं, हातभर लांब. त्या माशाकडे आमच्याकडे एरवी नुसतं बघून पुढे जायची पद्धत. नारळाच्या दुधातला भात, सांदणं, तांदळाच्या भाकऱ्या, शेवया. अम्मीने आपल्या कानातले काढून माझ्या कानांत घातले. कानाची भोकं बुजत आली होती, ती तिने दातओठ खाऊन मोकळी केली. नसीमने सुरमा घालताना मुद्दाम बोट खुपसलं. मला जांभळी रेशमी ओढणी दिली आणि मान खाली घालून बसायला सांगितलं. मी मान खाली घालून, पण टीव्ही दिसेल अशी बसायचा सराव केला. सगळं पेण बघून जात होतं. बायका येत, हनुवटी वर करून बघत आणि म्हणत, “सजवली की बरी दिसती गो.”

फुफी आणि अश्फाक उशिरा आले. गडबच्या फाट्यावर एस.टी. बंद पडली होती, आणि त्याचा राग फुफीने आमच्यावर काढला. “येवडं काय जेवन करायचं?” ती म्हणाली आणि सगळं जेवली. “जिताडं झ्याक झालंय भाबी. अश्फाकला काटं काडून द्या, त्याला जमत नाय.” अम्मीने काटे काढून दिले. तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

शेवया झाल्या. अब्बांनी घसा साफ केला. “मंग आपा, तारीख बोलायची का?”

“कसली तारीख?”

“अमानत न्यायची म्हनालीस ना.”

“व्हय. आताच नेतो की. गोनपाट आनलाय संगती.”

अम्मीच्या हातातला शेवयांचा डाव तसाच राहिला. “गोनपाट?”

“मंग? एस.टी.त तशीच नेऊ? धूळ नाय बसायची?”

आम्ही सगळे फुफीकडे बघत होतो. फुफी आळीपाळीने आमच्याकडे बघत होती. मग तिच्या डोक्यात उजेड पडला. माझ्या ओढणीकडे, सुरम्याकडे, कानातल्यांकडे तिची नजर फिरली आणि ती हसायला लागली. वाईट हसली असं म्हणवत नाही. तिला खरंच हसू आलं. “अगो बाय, मशीन! अश्फाकची गेमची मशीन. म्हसळ्यावाल्यांनी रंगीत टीव्ही धाडलाय आमच्याकडं, आता दिसंल नीट.”

“म्हसळ्यावाले कोन?” अब्बांनी विचारलं.

“अश्फाकचं सासर. पुढल्या महिन्यात निकाह हाय. तेच तर सांगायला आले. तिचा बाप दुबईला येवडा मोठा कंत्राटदार, अश्फाकला गोदामातनं काडून आपल्या हापिसात बसवनार.” फुफीने बोटं चाटली. “तुम्हाला काय वाटलं व्हतं? मी शब्द कवा दिलेला? अमानत म्हनले ते मशीनवर हात ठेवून म्हनले. इचार अम्मीला.”

दादी म्हणजे फुफीची सख्खी आई. ती कोपऱ्यातून म्हणाली, “पोटची हायस म्हनून पानात जिताडं पडलं. परकी असतीस तर काटंच वाडलं असतं.”

“अम्मे, तू तर बोलूच नको. मला दिलीस तवा रोह्याला काय बगून दिलीस?”

आणि मायलेकी तीस वर्षांपूर्वीच्या भांडणात शिरल्या. अब्बा उठून पडवीत गेले आणि तिथे रचलेल्या चपलांच्या जोड्या उगाच जुळवत बसले. अम्मी एकटीच उरली. तिने माझ्याकडे बघितलं नाही. डाव पातेल्यात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “जा गो जैबू, आन त्यांची वस्तू.”

मला हुंदका फुटला. मी असा गळा काढला की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. रेशमी ओढणी डोक्यावर, डोळ्यांतून सुरमा वाहतोय, आणि मी टीव्हीच्या मागे ओणवी होऊन वायरी उपटतेय. फुफीचं मन द्रवलं. ती म्हणाली, “रडू नको गो. सावळ्या पोरींचीबी लग्नं व्हतात. मिळंल कुनीतरी. वायर नीट गुंडाळ, मुरगळू नको.” मी नाक ओढत म्हटलं, “कॅसेट... कॅसेट तरी ठेवा ना.” रडणं ऐकून दारात जमलेल्या बायका हळहळल्या, पोरगी आठवण म्हणून कॅसेट मागते. फक्त नसीम खदाखदा हसली आणि तिला अम्मीची एक सणसणीत बसली. नुसती कॅसेट घेऊन मी काय करणार होते, कुणास ठाऊक. उशाशी ठेवली असती बहुतेक.

अश्फाक माझ्या मदतीला टीव्हीमागे आला. मला वाटलं माफी मागेल. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, “जैबू, शेवटच्या किल्ल्यातलं दार तू उघडलंस काय?”

त्या किल्ल्यात एक बंद दार होतं. भाला मारा, उडी मारा, डोकं आपटा, ते उघडत नसे, आणि वाळूचं घड्याळ संपलं की शिपाई मरायचा. मीही कित्येक आठवडे तिथे मेले होते. मग एक दिवस अम्मीने पापड गोळा करायला बोलावलं, मी उठेना, तेव्हा तिने मागून वेणी ओढली. माझा अंगठा भलत्याच बटणावर गेला आणि शिपाई दाराकडे पाठ करून उलटा पळत सुटला. पार मागे, जिथून आला तिथे. आणि तिथली भिंत उघडली. दार नुसतं दाखवायचं होतं. पाठ फिरवेल त्यालाच वाट मिळायची.

मी ओढणीने डोळे पुसले. “उघडलं की,” मी म्हटलं.

“कसं?” त्याची जीभ बाहेर आली.

“सोपं आहे. दारासमोर उभं राहायचं आणि थांबायचं. काही करायचं नाही. आपोआप उघडतं.”

“नुस्तं थांबायचं?”

“नुसतं थांबायचं.”

त्याने मान डोलावली, पेटी गोणपाटात गुंडाळली आणि ती दोघं संध्याकाळच्या एस.टी.ने गेली. जिताड्याचं उरलेलं कालवण अम्मीने कुणालाच खाऊ दिलं नाही, मागच्या दारी मांजरांना घातलं. नंतर कितीतरी दिवस ती मोहल्ल्यात मान वर करून चालली नाही. बायका तिला अडवून विचारायच्या, “न्यायला आलेले ना गो? मग?” आणि ती म्हणायची, “नेलं.” माझ्या कानातले मात्र तिने परत घेतले नाहीत. म्हणाली, भोकं परत बुजतील.

निकाहाला काही दिवस उरले होते. भरदुपारी पाटील काकू धावत भिंतीशी आल्या, दम लागलेला. “जैबू, रोह्याचा फोन! मुलाचा आहे. तूच हवीस म्हणतोय!”

अम्मी पिठाच्या हातांनीच उठली. मी, माझ्यामागे अम्मी, तिच्यामागे दादी, अशी वरात पाटील काकूंच्या ओटीवर गेली. मी फोन कानाला लावला. अम्मी माझ्या तोंडाकडे बघत समोर उभी.

“जैबू? अश्फाक बोलतोय.” मागे तेच चिपळ्या-शिट्टीचं संगीत वाजत होतं.

“बोल.”

“दारासमोर उभा हाय गो मी. उघडत नाय. कवापासनं मरतोय. किती थांबायचं?”

मी अम्मीकडे बघितलं. ती ओठ घट्ट मिटून उभी होती.

“अजून थोडं,” मी म्हटलं. “थांब. हलू नको.”

फोन ठेवला. अम्मीने माझा दंड धरला. “काय म्हनाला गो?”

“किती थांबायचं, विचारत होता.”

यात खोटं काय होतं? अम्मीचा चेहरा असा उजळला की मला पुढचं वाक्य गिळावं लागलं. दादीने वर बघून दुआसाठी हात पसरले. पाटील काकूंनी डोळे पुसले.

“आनि तू काय सांगितलंस?”

“अजून थोडं थांब म्हटलं.”

अम्मीने पिठाच्या दोन्ही हातांनी माझे गाल धरले. त्या शुक्रवारनंतर पहिल्यांदाच ती हसली.

“शहानी गो माजी बाय,” ती म्हणाली. “बरोबर केलंस. पोरीनं लगेच हो म्हनायचं नसतं.”